बिनचेहऱ्याचा मित्र

चित्रकलेच्या तासाला फळ्यावर 'माझा मित्र' हा विषय लिहिला की मास्तरला अर्धा तास निवांत मिळतो, हे आमच्या धंद्यातले गुपित मी आज फोडून टाकतो. मुले माना खाली घालतात, रंगाच्या वड्यांवरून भांडतात, आणि तास संपता संपता चाळीस कागदांवर चाळीस मित्र हात सरळ खाली सोडून उभे राहतात. कोणाजवळ पतंग असतो, कोणाजवळ बॅट. दोन वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गाचा असाच एक गठ्ठा मी तपासत होतो. त्यात एक कागद निराळा निघाला. सैनिकाचा पोशाख, पाठीवर पिशवी, हातात बंदूक, डोक्यावर शिरस्त्राण, सारे कसे बारकाईने काढलेले. आणि शिरस्त्राणाखाली, जिथे तोंड असायचे तिथे, कोरा कागद.

"अरे, याचं तोंड काढायचं राहिलं की!" मी म्हणालो.

"राहिलं नाही, सर. मला ते ठाऊकच नाही."

वर्ग हसला. मीही हसलो. चित्र अपुरे म्हणून दहापैकी पाच गुण दिले आणि पुढचा कागद घेतला.

मुलाचे खरे नाव सांगत नाही. आपण त्याला बंडू म्हणू. त्याचा हा मित्र मोबाइलवरच्या खेळातला होता. चौघांची तुकडी करून बेटावर उतरायचे आणि शेवटपर्यंत टिकून राहायचे, असा तो खेळ. बाकीचे तिघे कोण, कुठले, हे माहीत असण्याची गरज नसते. या मित्राशी बंडू रोज रात्री कानात बोंडे घालून बोलत असे. पुढे एकदा तास सुटल्यावर तो माझ्याजवळ घुटमळला आणि म्हणाला, "सर, खेळातला माणूस आपल्या घरी येऊ शकतो का?" मी ब्रश धूत होतो. "खेळ बंद कर, म्हणजे कोणी येणार नाही," असे मी उत्तर दिले. ते उत्तर मला त्या वेळी मोठे चटपटीत वाटले होते.

पंधरा दिवसांनी बंडूची आई शाळेत आली. तिने जे सांगितले ते ऐकून मला माझ्या चटपटीतपणाची लाज वाटली. ते पुढे सांगेनच. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून बसला. हे खेळ काही कालचे नव्हेत; मग त्यात उपद्रव करणाऱ्यांचा आणि मुलांच्या रक्षणाचा विचार कोणी, केव्हा केला असेल? माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, त्यावर चित्रकलेची परीक्षा. लिहितो त्या कादंबऱ्या. यंत्रशास्त्रातले मला ओ की ठो कळत नाही. तरी शब्दकोश उशाशी घेऊन या खेळांचा इतिहास वाचीत बसलो. जे हाती लागले ते फराळाच्या ताटाशेजारी ठेवीत आहे. विषय सणाचा नाही, हे कबूल. पण दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या हाती मोबाइल सर्वांत अधिक वेळ असतो, हेही तितकेच खरे.

या इतिहासाचा आरंभ इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात होतो. तेथील विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ रचला. त्यात चित्र नव्हते, नुसते शब्द. 'तुम्ही अरुंद वाटेवर उभे आहात' असे पडद्यावर उमटायचे, आणि आपण पुढची चाल टंकून सांगायची. नवल होते ते दुसऱ्याच गोष्टीचे. त्याच वाटेवर त्याच क्षणी दुसरा जिवंत माणूसही उभा असे, आणि त्याच्याशी बोलता येई, भांडताही येई. पुढे विद्यापीठाचे यंत्र रात्री मोकळे असे तेव्हा बाहेरचे लोकही दूरध्वनीच्या तारेने त्यात शिरू लागले. खेळात पुरेसा पराक्रम केलेल्याला जादूगाराची पदवी मिळे आणि त्याच्या हाती विलक्षण अधिकार येत. कोणी दंगा केला तर गाऱ्हाणे त्याच्याकडे. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा खेळ एक वस्ती होता, आणि वस्ती म्हटली की तक्रार आलीच. तक्रार ऐकणारा कोण, हाच प्रश्न पुढच्या साऱ्या इतिहासात निरनिराळी सोंगे घेऊन येतो.

१९८६ साली अमेरिकेत लुकासफिल्म या चित्रपट कंपनीच्या खेळविभागाने 'हॅबिटॅट' नावाचे गाव वसवले. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडल फार्मर हे त्याचे शिल्पकार. येथे चित्रे होती, घरे होती, रस्ते होते, नाणी होती. गावात चोऱ्या होऊ लागल्या, मागोमाग खूनही. खून झालेला माणूस मरत नसे. आपले मुंडके हातात धरून तो स्वतःच्या घरी परत प्रकट होई. खिसे मात्र रिकामे झालेले असत. ऐकायला मौज वाटते, पण ज्याचे खिसे रिकामे झाले त्याला ती मौज वाटली नाही. गावात वाद पेटला: हा गुन्हा म्हणायचा की खेळाचाच भाग? मत घेतले तर लोक जवळजवळ निम्मे निम्मे विभागलेले निघाले. या गावात खेळणारा एक गृहस्थ प्रत्यक्षात ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचा पाद्री होता. त्याने तेथे एक पंथ काढला. शस्त्र बाळगायचे नाही, चोरी करायची नाही, कोणत्याही हिंसेत भाग घ्यायचा नाही, अशी अनुयायांची शपथ. लोकांनी एक शेरीफ निवडला, पण त्याला अधिकार कोणते द्यायचे याचे घोंगडे भिजत पडले. अखेर कर्त्यांनी तोडगा काढला. गावकुसाच्या आत शस्त्र चालणारच नाही. रानात मात्र ज्याने त्याने आपले बघावे. आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या गावाची हीच रीत नव्हती काय?

दहा-अकरा वर्षांनी, १९९७ मध्ये, 'अल्टिमा ऑनलाइन' या खेळात हाच प्रश्न हजारो पटींनी मोठा होऊन आला. खेळाचे जनक रिचर्ड गॅरियट हे त्यात राजा म्हणून वावरत. खेळ अजून चाचणीत असतानाच, ऑगस्ट महिन्यात, एका खेळाडूने आगीचा मंत्र टाकून या राजालाच ठार केले. राजाची ही गत, तर रानातून लाकडे आणणाऱ्या नवख्याची काय असेल! वाटमारी करणाऱ्यांचा उच्छाद इतका झाला की २००० साली कर्त्यांनी जगाच्या दोन प्रती केल्या. एकीत जुनेच राज्य. दुसरीत समोरच्याच्या संमतीवाचून त्याच्यावर हात टाकता येणार नाही. भली मोठी माणसे दुसऱ्या जगात राहायला गेली. 'संमती' हा शब्द येथे मोलाचा आहे. पुढे तो पुन्हा भेटेल.

मधली एक हकीकत मात्र वाटमारीहून वाईट आहे. 'लॅम्डामू' नावाची शब्दांची एक वस्ती पावेल कर्टिस नावाच्या संशोधकाने अमेरिकेत चालवली होती. मार्च १९९३ मध्ये एका सभासदाने तेथे भर बैठकीत, एका करामतीच्या जोरावर, इतरांच्या पात्रांच्या नावाने अत्यंत अश्लील मजकूर उमटवला. ज्यांच्या नावाने तो उमटला त्या बायकांना वाटलेला अपमान खरा होता; पात्रे कागदी म्हणून अश्रू कागदी होत नाहीत. योगायोग असा की कारभाऱ्यांनी काही महिने आधीच जाहीर केले होते की आपण सभासदांच्या आपसातल्या तंट्यात पडणार नाही. लोक जमले, तासन्‌तास बोलले, निर्णय झाला नाही. शेवटी एका कारभाऱ्याने आपल्या जबाबदारीवर त्या पात्राला वस्तीतून नाहीसे केले. कर्टिस बाहेरगावाहून परतल्यावर त्याने अर्ज आणि मतदानाची पद्धत घालून दिली. पण तो इसम? तो थोड्याच दिवसांत दुसऱ्या नावाने पुन्हा हजर झाला.

आपल्याकडे बहुरूपी येत असे. कधी पोलीस होऊन, कधी देव होऊन. लहान पोरे त्याला बघून दडी मारीत. पण त्याचा एक धर्म होता: सोंग झाले की तो आपले नाव-गाव सांगे, मग बिदागी घेई. सोंग उतरवले जाते म्हणूनच त्याची भीती खेळकर असते. या नव्या वस्त्यांत सोंग उतरवण्याची पाळी कधी येतच नाही, हा सारा फरक.

इथवरची माणसे बहुतेक कळती होती. मुले आली ती पुढे. अमेरिकेत तेरा वर्षांखालील मुलांची माहिती आईबापांच्या संमतीशिवाय घेऊ नये, असा कायदा १९९८ मध्ये झाला आणि २००० मध्ये अमलात आला. त्याचा एक विनोदी परिणाम सर्व जगाने पाहिला. मुले जन्मसाल खोटे लिहू लागली. माझ्या वर्गातले निम्मे विद्यार्थी त्या हिशेबाने माझ्याहून वडील आहेत.

मुलांसाठी म्हणून खास वसवलेल्या वस्त्यांची कथा मला सर्वांत मनोरंजक वाटली. डिस्ने कंपनीचा निश्चय असा की मुलांच्या गप्पांत एकही वावगा शब्द येता कामा नये. म्हणून ठरावीक शब्दांतूनच वाक्ये जुळवायची, अशी एक योजना करून पाहिली. परीक्षेला चौदा वर्षांच्या एका मुलाला बसवले. त्या निष्पाप शब्दांतूनच त्याने काही मिनिटांत असे वाक्य जुळवले की मोठ्या माणसांनी कानांवर हात ठेवले. मास्तरांना याचे आश्चर्य वाटणार नाही. म्हणून २००३ च्या 'टूनटाउन' या खेळात अख्खी तयार वाक्येच दिली. ओळखीच्या दोघांना मोकळे बोलायचे असेल तर एक गुप्त अंक एकमेकांना खेळाबाहेर, प्रत्यक्ष, सांगावा लागे. मुलांनी काय करावे? खेळातल्या आपल्या घरात फर्निचर मांडून त्याचे आकडे बनवले आणि अनोळखी पाहुण्यांना ते अंक दाखवले! अडवलेले पाणी वाट काढते ते असे. त्यात द्वेष नसतो. कोणाशी तरी बोलावे ही तहान असते. मुलांच्या शत्रूला या तहानेची पुरेपूर माहिती असते.

कॅनडातल्या केलोना गावी २००५ साली सुरू झालेल्या 'क्लब पेंग्विन'ने एक पाऊल पुढे टाकले. शब्दांची चाळण तर त्यांनी लावलीच, शिवाय पगारी माणसे बसवली. मुलांच्या गप्पांवर नजर ठेवणे आणि तक्रारी पाहणे हेच त्यांचे काम. २००७ साली डिस्नेने ही वस्ती ३५ कोटी डॉलरना विकत घेतली. मार्च २०१७ मध्ये ती बंद झाली. चाळण यंत्राची असते, पण तक्रारीला कान माणसाचाच लागतो, एवढी गोष्ट तिने शिकवली.

आता शिवीगाळीविषयी. 'लीग ऑफ लेजेंड्स' हा २००९ मध्ये निघालेला खेळ तोंडाळ खेळाडूंसाठी कुप्रसिद्ध होता. त्याच्या कंपनीने मानसशास्त्राचे जाणकार नेमून शोध घेतला, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. नेहमीचे दुष्ट असे थोडेच. सुमारे शेकडा ८७ वाईट वर्तन एरवी सभ्य असणाऱ्यांचेच होते, दिवस वाईट गेला म्हणून उचलली जीभ लावली टाळ्याला! मग त्यांनी एक साधा उपाय केला. विरुद्ध पक्षाशी बोलण्याची सोय मुळात बंद ठेवली. ज्याला हवी त्याने मुद्दाम सुरू करावी. वाईट बोलणे सुमारे एक तृतीयांशाने उतरले, बोलणे मात्र थांबले नाही. २०११ पासून काही वर्षे खेळाडूंचीच पंचायत बसवून तक्रारींवर मते घेतली. त्यातून आणखी एक निष्कर्ष निघाला, तो प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहावा असा आहे: शिक्षा करताना कारण आणि पुरावा दाखवला, तर सुधारणाऱ्यांची संख्या वाढते.

पण शिवी देणारा वेगळा आणि गोड बोलणारा वेगळा. शिवीने मूल दुखावते. गोड बोलण्याने ते जाळ्यात येते. आणि येथे आपल्याला पुन्हा एसेक्स परगण्यात जावे लागते, जिथून ही कथा निघाली होती.

फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या परगण्यात एका चौदा वर्षांच्या मुलाचा खून झाला. मारणारा अठरा-एकोणीस वर्षांचा. ओळख झाली होती खेळाच्या निमित्ताने. तो मुलांचा एक खाजगी अड्डा चालवी, आपल्या मोठमोठ्या उद्योगांच्या बढाया मारी आणि मुलांना आईबापांपासून हळूहळू तोडी. घरी सांगून एक आणि करून दुसरे, असे त्या मुलाला त्याने आपल्या घरी बोलावले. सर्वांत हृदयद्रावक गोष्ट अशी की आईला संशय आला होता. डिसेंबर २०१३ मध्ये तिने पोलिसांना फोन करून त्या इसमाबद्दल सांगितले होते. त्याच्याविरुद्ध आधी एक गंभीर तक्रार पोलिसांच्या दप्तरी होती. पण ती कोणी उघडून पाहिली नाही. आईने सांगितले होते. ऐकणाऱ्याने ऐकले नाही.

ही हकीकत वाचली त्या रात्री मला बंडूचा प्रश्न आठवला, आणि माझे ब्रश धुणे आठवले.

मोठ्यांच्या जगातही हेच घडत आले आहे. 'फोर्टनाइट' या खेळाच्या कंपनीवर अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाने कारवाई केली. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने मुलांच्या खाजगीपणाच्या प्रकरणी २७.५ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. आयोगाचा आरोप असा की अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय लहान मुलांनाही सुरुवातीपासून चालूच ठेवलेली असे. आणि ही सोय मुळात बंद ठेवा असे कंपनीच्याच नोकरांनी २०१७ मध्ये सुचवले होते. तेथेही कोणीतरी सांगितले होते! आता मुलांसाठी ती बंद ठेवणे कंपनीला बंधनकारक आहे. 'रोब्लॉक्स'ने नोव्हेंबर २०२४ मध्ये तेरा वर्षांखालील मुलांची खाजगी निरोपानिरोपी आईबापांच्या परवानगीवाचून बंद केली, आणि वर्षभराने, गप्पा मारायच्या तर चेहरा दाखवून वय पटवा, असा नियम जाहीर केला. म्हणजे चेहऱ्याची आठवण अखेर झाली! पण यंत्र चेहऱ्यावरून वय ओळखील. मनात काय आहे ते कसे ओळखणार?

आपल्या देशात २ सप्टेंबर २०२० रोजी 'पबजी'वर बंदी आली तेव्हा पुष्कळ आईबापांनी सुटकेचा श्वास टाकला. बंदीचे कारण देशाची सुरक्षितता हे होते, मुलांची नव्हे, आणि जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने परत आला. कायदा मात्र आपल्याकडे आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे वाईट हेतूने मुलाशी वारंवार संपर्क साधणे हा गुन्हा आहे, मग तो संपर्क मोबाइलवरून का असेना. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक आहेत. ते घरातल्या कालनिर्णयावर लिहून ठेवावेत. पण क्रमांक फिरवण्याआधी मुलाने घरात तोंड उघडलेले असावे लागते.

आता बंडूचे सांगतो. त्या मित्राने आधी त्याला खेळातले कपडे आणि बंदुका भेट दिल्या. मग त्याच्या घरची चौकशी केली. मग अंगात सदरा नसलेला फोटो मागितला, आणि तो मिळाल्यावर धमकी सुरू झाली: आणखी पाठव, नाहीतर घरी येऊन बापाला दाखवीन. रात्री पांघरुणात रडताना आईने पाहिले म्हणून सारे बाहेर आले. वडिलांनी प्रथम मोबाइल आपटला, मग बंडूला दोन ठेवून दिल्या. परिणाम असा की पुढचे आठ दिवस बंडू एक अक्षर बोलला नाही, आणि आपटलेल्या मोबाइलबरोबर पुराव्याचाही चुरा झाला. तक्रार दिली, पण तो इसम सापडला नाही.

शेवटी आई मला म्हणाली, "सर, तो म्हणतो मी सरांना विचारलं होतं."

मी मान खाली घातली. मग त्या मुलाला जवळ बसवले आणि विचारले, "अरे, तू घरी आधीच का नाही सांगितलंस?"

"सर, सांगितलं तर मोबाइल जाणार होता."

पन्नास वर्षांत जे जे उपाय झाले, त्यांतला प्रत्येक थोडाफार उपयोगी पडला; नाही असे मी म्हणत नाही. पण त्या बिनचेहऱ्याच्या माणसाचा खरा साथीदार यंत्रात नव्हता, आमच्या घरात होता. सांगितले की शिक्षा मिळणार, ही मुलाच्या मनातली खात्री हाच तो साथीदार. ती खात्री आम्ही मोठ्यांनी दिलेली.

आता दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीच्या तासाला मी वर्गाला विचारतो, "ज्याचं तोंड पाहिलेलं नाही असा मित्र कोणाकोणाला आहे?" गेल्या वर्षी सतरा हात वर झाले. मी रागावत नाही. एवढेच सांगतो, की त्याने फोटो मागितला, घरचा पत्ता विचारला किंवा 'हे कोणाला सांगू नको' म्हटले, तर लगेच येऊन सांगा; सांगणाऱ्याचा मोबाइल काढून घेतला जाणार नाही, हा माझा शब्द. पालकांच्या सभेत मी तोच शब्द त्यांच्याकडूनही मागून घेतला. काहींनी दिला, काहींनी कपाळाला आठ्या घातल्या. बंडूचे वडील पहिल्या रांगेत होते. त्यांनी शब्द दिला.

बंडू आता आठवीत आहे. अजून खेळतो, पण मामेभावाबरोबर आणि वर्गातल्या दोघांबरोबर. परवा वर्गाबाहेर मला गाठून म्हणाला, "सर, त्या चित्राला पाचच गुण का दिले होते? चित्र बरोबर होतं."

खरे होते. चाळीस चित्रांत तेच एक काळजीने पाहायला हवे होते. जुनी वही काढून मी त्याच्यादेखत आकडा दुरुस्त केला.